शंभरातली दीड चौकट

२०११ च्या जनगणनेचे आकडे आम्ही आलेखाच्या कागदावर मांडले. गुजरातसाठी शंभर चौकटी घेतल्या, तर गुजरातीच्या ८६, हिंदीच्या ७, सिंधीच्या सुमारे २ आणि आपल्या मराठीची दीड! सयाजीरावांच्या बडोद्यात राहणाऱ्यांना ही दीड चौकट जरा लागतेच.

पण हा आलेख प्रत्येक माणसाला एकच रंग देतो. आपली मुले आजीशी मराठीत, रिक्षावाल्या काकांशी गुजरातीत आणि क्रिकेटवरून भांडताना हिंदीत बोलतात. २०११ च्या प्रपत्रात मातृभाषेखेरीज येत असलेल्या आणखी दोन भाषांची जागा होती, तो तपशील या चौकटींत दिसत नाही. म्हणून वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी आपापल्या घराचा दिवसभराचा आलेख काढावा, असे आम्हांस वाटते. कोणत्या वेळी, कुणाशी, कोणती भाषा? मराठीचा रंग देवघरापुरताच उरला असेल, तर तसाच दिसू द्यावा. पालकांनी कृपया खाडाखोड करू नये!

जनगणनेच्या व्याख्येत मातृभाषा आडनावावरून ठरत नाही. लहानपणी आई जिच्यात बोलली, ती मातृभाषा. २०२७ च्या गणनेसाठी कर्मचारी दारात येण्यापूर्वी हा कागद घरात सर्वांनी एकदा पाहावा.