ओहम लपवणारे, वॅट विकणारे

होम थिएटर विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : "हा रिसीव्हर 4 ओहमच्या स्पीकरला चालेल का?" तो आधी गोड हसेल, मग म्हणेल, "सर, सगळ्याला चालतो." हे उत्तर मिळालं की पाकीट खिशात ठेवा आणि दुकानाबाहेर पडा. सगळ्याला चालतो म्हणणाऱ्याने त्या यंत्राची मागची बाजू कधी पाहिलेली नसते, किंवा पाहून गप्प बसायचं त्याला कमिशन मिळत असतं.

मी मुंबईत शीव कोळीवाड्यात राहतो. स्टेशनच्या पाटीवर गुरु तेग बहादूर नगर लिहिलेलं असलं तरी आमच्या तोंडी कोळीवाडाच. आवाजाचं आम्हाला कोणी शिकवू नये. कोळ्यांच्या हळदीला बेंजो, पंजाबी कॅम्पात वरातीचा ढोल, तमिळ देवळाच्या उत्सवात नादस्वरम, आणि भाद्रपदात सगळंच. या गोंगाटात झोपडपट्टी पुनर्वसनातल्या 225 किंवा 269 चौरस फुटांच्या घरात राहणारा माणूस हप्त्याने 'सात गुणिले शंभर वॅट' घेऊन येतो. 'झिंगाट' लावतो, आवाज वाढवतो आणि ऐन रंगात रिसीव्हर टक् करून बंद पडतो. पडद्यावर 'प्रोटेक्ट' अशी अक्षरं. दुकानदाराला फोन केला की तो म्हणतो, "लाइटचा प्रॉब्लेम असेल." लाइटचा नाही रे बाबा, तुझ्या अकलेचा आहे.

आमच्या गल्लीत मंडपाला साउंड लावणाऱ्या पोरांना हे शास्त्र पाठ असतं. अहुजाच्या अँप्लिफायरमागे 4, 8, 16 ओहम आणि 100 व्होल्ट अशा वेगवेगळ्या जागा असतात. सोळा ओहमचे दोन भोंगे समांतर जोडले की आठ होतात, चार जोडले की चार, हे ती बोटांवर मोजतात. भोंगे वाढले की ट्रान्सफॉर्मर लावून 100 व्होल्टच्या लाइनवर जातात. हिशेब चुकला तर मिरवणूक मुकी होते आणि मंडळाचा अध्यक्ष सर्वांसमक्ष उद्धार करतो, म्हणून हिशेब चुकत नाही. एसी शोरूममधल्या 'ऑडिओ कन्सल्टंट'चा असा उद्धार कोणी करत नाही, म्हणून त्याला हिशेब येतच नाही.

हा हिशेब नववीतल्या मुलालाही जमेल. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप. अँप्लिफायरने 20 व्होल्ट दिले की 8 ओहमचा स्पीकर अडीच अँपियर खेचतो आणि 50 वॅट होतात. तेच 20 व्होल्ट 4 ओहमच्या स्पीकरवर गेले की 5 अँपियर आणि 100 वॅट. तीन ओहमला जवळजवळ पावणेसात अँपियर. ओहम निम्मे होताच यंत्रावर दुप्पट करंट पुरवायची पाळी येते. तो पुरवायचा तर ट्रान्सफॉर्मर जाड हवा, कपॅसिटर मोठे हवेत, उष्णता बाहेर टाकणारे हीटसिंक भरभक्कम हवेत. या तिन्ही गोष्टींना वजन असतं आणि वजनाला पैसे पडतात. त्यामुळे काटकसर तिथेच होते, आणि वाचलेल्या पैशात पुढच्या काचेवर निळा दिवा लावतात.

त्यात पाठीमागे '4 ओहम' लिहिलेला स्पीकर नेहमी चारच राहतो असंही नाही. स्वराच्या उंचीप्रमाणे त्याचा इम्पीडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा हा अडथळा, वरखाली होतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो छापील आकड्याच्या 80 टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे चारचा सव्वातीनपर्यंत आला तरी तो नियमातच. काही नामांकित कंपन्या तेवढंही पाळत नाहीत.

आता खोक्यावरचे वॅट. पूर्वी पीएमपीओ नावाची थाप होती; खेळण्याएवढ्या डेकवर हजारो वॅट छापलेले असत आणि आपण ते शेजाऱ्याला अभिमानाने दाखवत असू. ती थाप आता सुशिक्षित झाली आहे. मोठ्या अक्षरांत '100 वॅट' आणि खाली मुंगीच्या अक्षरांत : 6 ओहम, 1 किलोहर्ट्झ, 10 टक्के विकृती (डिस्टॉर्शन), एकच चॅनेल चालू. हा आकडा वधू-वर सूचक मंडळात सांगितलेल्या पगारासारखा आहे : बोनस, ओव्हरटाइम, वडिलांची पेन्शन, सगळं मिळवून. खरा पगार पाहायचा तर यंत्राच्या मागच्या पत्र्यावर पाहा. तिथे विजेचा वापर चारशे-साडेचारशे वॅट लिहिलेला असेल, तर त्यातून सातशे वॅट कुठून निघणार? शिवाय आत गेलेल्या विजेचा मोठा वाटा उष्णता होऊन उडतो. ती उष्णताही आपण शोकेसच्या बंद कप्प्यात कोंडतो आणि वर क्रोशाचा रुमाल घालतो.

अमेरिकेत या लबाडीला 1974 सालीच सरकारी नियमाने वेसण घातली आणि 2024 मध्ये ती आणखी आवळली : मोजायचं ते 8 ओहमवर, 20 ते 20,000 हर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात, विकृती 1 टक्क्याच्या आत. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी शॉक लागणार नाही, आग लागणार नाही एवढं बघते. वॅट खरे की खोटे, हे तिचं काम नव्हे.

रिसीव्हरमध्ये 'इम्पीडन्स 4 ओहम' अशी एक सेटिंगही दिलेली असते. गिऱ्हाइकाला वाटतं, ती फिरवली की यंत्राला बळ आलं. बहुतेक रिसीव्हरमध्ये होतं ते उलटं : आतला व्होल्टेज कमी केला जातो. यंत्र थंड राहतं खरं, पण आवाज लवकर फाटतो, आणि फाटका आवाज जोरात वाजवला की आधी ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, जळतो.

माळ्यावरचे स्पीकर हा आपला आणखी एक छंद. जुन्या होम थिएटर किटचा डबा मेला, पण स्पीकर "चांगले आहेत" म्हणून ठेवलेले. ते अनेकदा 3 ओहमचे असतात आणि त्या मेलेल्या डब्यासाठीच बनवलेले असतात. कारचे स्पीकर सर्रास 4 ओहमचे, कारण बारा व्होल्टच्या बॅटरीतून जास्त वॅट काढायचे तर ओहम कमी करणं हाच सोपा मार्ग. दोन्ही नव्या रिसीव्हरला जोडणं म्हणजे वॉरंटीवर पाणी सोडणं. अमेरिकेतून भाच्याने आणलेला 120 व्होल्टचा रिसीव्हर तर आणखी धोक्याचा. स्टेप-डाउन लावून व्होल्ट जुळतील, पण तिथल्या 60 हर्ट्झसाठी काटकसरीने बनवलेला ट्रान्सफॉर्मर इथल्या 50 हर्ट्झवर आणखी तापतो.

मग करायचं काय? आधी सात चॅनेलचा हट्ट सोडा. दहा बाय बाराच्या खोलीत मागचे स्पीकर सोफ्याला चिकटतात आणि सासूबाईंच्या कानात हेलिकॉप्टर उतरतं. एवढ्या जागेत एकेक वॅटवरही बोलणं अवघड होईल इतका आवाज होतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री दहानंतर 45. भिंत साडेचार इंचांची, पलीकडे शेजाऱ्याचं बाळ. स्पीकर घ्यायचे बाकी असतील तर खरोखरच्या 8 ओहमचे, 88-90 डेसिबल संवेदनशीलतेचे घ्या. साधा रिसीव्हरही ते आरामात वाजवतो. चार ओहमच्याच जोडीवर जीव जडला असेल तर प्री-आउट (बाहेरच्या अँप्लिफायरला सिग्नल देणारी जागा) असलेला रिसीव्हर घ्या आणि पुढच्या दोन स्पीकरांना 4 ओहमचा आकडा छापलेला वेगळा पॉवर अँप्लिफायर द्या. स्वतःच्या विजेवर चालणारा सबवूफर जोडा आणि बाकीच्यांना 80 हर्ट्झच्या खालचं ओझं देऊ नका. आणि हजारोंची केबल घेऊ नका. पाच मीटरला 14 गेजची तांब्याची तार पुरे.

विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी मागा : 4 ओहमवर किती वॅट, दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालू असताना किती, आणि किती टक्के विकृतीला. बिलावर लिहून देत नसेल तर ते वॅट नाहीत, वाफ आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. तो कायदा वापरायला वकील लागत नाही, तक्रार लिहिणारा माणूस लागतो. आपण 'किती वॅट?' एवढंच विचारत राहू, तोवर ते आपल्याला वॅटच विकतील.