हवालदार जबाबदार कोणाला?



गेल्या पावसाळ्यात रात्री आमच्या पाड्यावर पोलीस आले. प्लॉटच्या भांडणावरून माझ्या काकाच्या पोराला उचललं. कोणाच्याच शर्टावर नावाची पट्टी नव्हती. सकाळी ठाण्यावर गेलो तर म्हणे, आम्ही कोणाला आणलंच नाय. दोन दिवसांनी तो आला, पाय सुजलेले. तक्रार केली तर विचारतात, त्याला नेल्याचा कागद कुठं आहे?

हवालदारावर फौजदार, त्याच्यावर डीवायएसपी, त्याच्यावर एसपी. सगळा हिशोब वर जातो, खाली पाड्याकडं येत नाय. चौकशीही त्यांच्याच खात्याची माणसं करणार. पेसा कायद्यात सामाजिक क्षेत्रातल्या नोकरांवर ग्रामसभा-पंचायतीचं नियंत्रण सांगितलंय, पण पोलिसांचं नाव त्यात नाही.

तरी आपला हात अगदीच रिकामा नाय. डिसेंबर 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने डी. के. बसू केसमध्ये अकरा नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव आणि हुद्दा दिसला पाहिजे. अटकेचा पंचनामा त्याच वेळी झाला पाहिजे. त्यावर तारीख, वेळ आणि घरच्या किंवा गावातल्या एका तरी माणसाची साक्षीची सही पाहिजे. कोठडीत असेपर्यंत दर 48 तासांनी डॉक्टरची तपासणी पाहिजे. 24 तासांत कोर्टापुढं उभं करायचं, हे तर घटनेतच आहे. नियम मोडणाऱ्या पोलिसावर खात्याची कारवाई होते, शिवाय हायकोर्टात अवमानाचा खटलाही चालतो.

मला बोलायचंय ते सहीबद्दल. आपली म्हातारी माणसं सहीला घाबरतात. का घाबरणार नाहीत? सावकाराच्या कागदावर अंगठा दिला आणि जमीन गेली. कोऱ्या कागदावर आजही अंगठा द्यायचा नाय. पण लिहिलेला पंचनामा वाचून, वेळ बघून सही करायला आपण पुढं झालं पाहिजे. त्या रात्री अख्खा पाडा जागा होता, मी पण होतो. एकानेही कागद मागितला नाय. ही चूक आपली.

म्हणून प्रत्येक पाड्याने वाचता येणारी दोन पोरं-पोरी ठरवावीत. गाडी आली की त्यांनी जायचं, नावं लिहायची, पंचनामा मागायचा. आणि ग्रामसभेने ठराव करून मागणी करावी, ठाण्याच्या साहेबाने दर तीन महिन्यांनी सभेत येऊन सांगावं, गावातल्या कोणाला नेलं, कशासाठी नेलं. आज कायद्यात हे नाही. वनजमिनीचा हक्क तरी आधी कुठं कायद्यात होता?

जिंदाबाद!