केबलची मक्तेदारी मोडा

केबलची वाट सर्व इंटरनेट कंपन्यांना खुली नसेल, तर त्या व्यावसायिक इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दूरसंचार नियामक 'ट्राय'ने २०२४ मध्ये इमारतींच्या डिजिटल जोडणीला मानांकन देण्याचे नियम आणले, ते स्वागतार्ह आहेत. पण मानांकन ऐच्छिक आहे, आणि ज्याच्या हाती केबलच्या वाटेची, म्हणजे डक्टची किल्ली तो ते कशाला मागेल?

या मक्तेदारीची झळ बसते ती आठ-दहा जणांच्या नवउद्योगांना. पुण्याच्या बाणेर, हिंजवडीत रस्त्याखालून दोन-तीन कंपन्यांची फायबर गेलेली असते. वर गाळ्यात मात्र मालकाने ठरवलेली एकच कंपनी येते. तिने सांगितलेला दर मुकाट्याने द्यायचा. लीज्ड लाइन परवडत नाही, साध्या जोडणीचा अपलोडचा वेग पुरत नाही. परदेशी ग्राहकाला सॉफ्टवेअर दाखवताना कॉल तुटतो, मुले मोबाइलच्या हॉटस्पॉटवर फाइली चढवत बसतात. असे काम एकदा हातचे गेले की परत येत नाही.

नगरविकास विभागाने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत केबलची वाट सर्वांना खुली ठेवण्याची अट तातडीने घालावी आणि जुन्या इमारतींनाही मुदत बांधून द्यावी.