पहिले दोन दिवस

सर्दीने आवाज बसलेल्या माणसाला हेडसेट लावून रात्रभर बोलायला लावणं ही क्रूरता आहे. तिला शिस्त म्हणू नका, निष्ठा म्हणू नका आणि 'टीम स्पिरिट' तर अजिबात म्हणू नका. पुण्यातल्या कॉल सेंटरांत मी बरीच वर्षं काढली आहेत. खराडी, विमाननगर, मगरपट्टा, हिंजवडी, कुठेही जा, पावसाळा लागला किंवा थंडी पडली की फ्लोअरवर तेच दिसतं. कुणी म्यूट दाबून खोकतंय. कुणी टिश्यू संपला म्हणून जॅकेटच्या बाहीला नाक पुसतंय. कुणी पँट्रीतून गरम पाण्याची बाटली भरून आणतंय आणि टीम लीडर त्याला सगळ्यांदेखत विचारतोय, "ब्रेक किती मिनिटांचा झाला?"

आमच्या धंद्यात आवाज हेच अवजार, आणि सर्दी नेमका त्यावरच घाला घालते. नाक चोंदलं की 'म' आणि 'न' नीट उमटत नाहीत. 'मॅम'चं 'बॅब' होतं. पलीकडे ओहायोतली एखादी म्हातारी बाई बिलाचा आकडा विचारत असते. तिला आमचे उच्चार आधीच परके, त्यात हे. ती पुन्हा विचारते, मी पुन्हा सांगते, कॉल लांबतो. कानाला दडे बसलेले असतात म्हणून हेडसेटचा आवाज शेवटपर्यंत वाढवावा लागतो, आणि पहाटेपर्यंत कान ठणकायला लागतो. शिंक येताना माऊस म्यूटच्या बटणापर्यंत पोचला तर ठीक, नाही पोचला तर शिंक रेकॉर्ड होते. म्यूट करून खोकलं तर ते गप्प सेकंद 'डेड एअर' म्हणून क्वालिटीवाले मार्क कापतात. एएचटी, म्हणजे कॉलचा सरासरी वेळ, वाढला, स्कोअर पडला, महिन्याचा इन्सेन्टिव्ह गेला. घरी राहिलं तर रजा 'अनप्लॅन्ड', म्हणजे अटेंडन्स बोनस गेला. आलो तरी कापणार, नाही आलो तरी कापणार. सर्दी आठवडाभर आधी कळवून येत नाही हे शाळकरी पोरालाही कळतं, पण आमच्या रजेच्या पोर्टलला कळत नाही आणि ते पोर्टल बनवून घेणाऱ्यांना कळून घ्यायचं नाही.

"सर्दीच आहे ना? एक गोळी घे आणि लॉगिन कर." हे वाक्य मी टीम लीडरांकडून ऐकलं आहे, मॅनेजरांकडून ऐकलं आहे, आणि वाईट याचं वाटतं की ते आता आमच्यातलेच लोक एकमेकांना ऐकवतात. सर्दीविषयी इतकं बेफिकीर बोलणाऱ्यांना सर्दी ठाऊकच नसते. ती २०० हून अधिक विषाणूंपैकी कुठल्याही एकाने होते, बहुतेक वेळा रायनोव्हायरसने. तिच्यावर लस नाही, विषाणू मारणारं औषध नाही. शरीर आपलं आपण निस्तरतं, त्याला आठवडा-दहा दिवस लागतात. ज्याला दमा आहे त्याला साधी सर्दीही अटॅकपर्यंत नेऊ शकते. आमच्या फ्लोअरवर इनहेलर ड्रॉवरमध्ये ठेवून काम करणारी पोरं आहेत. घरी कुणाचं तान्हं मूल आहे, कुणाची सत्तरीची आई आहे. आणि सर्दी सगळ्यात जास्त पसरते ती पहिल्या दोन-तीन दिवसांत. म्हणजे माणसाला घरी ठेवण्याचे दिवस हेच. ज्याला थोडीही अक्कल आहे तो मालक या दिवसांत माणसाला घरी पाठवील.

आमची व्यवस्था नेमके हेच दिवस नाकारते, आणि हे फक्त कंपन्यांपुरतं नाही. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेचा मूळ कायदा १९४८ सालचा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय कापला जातो, ही मर्यादा २०१७ साली लागू झाली. कॉल सेंटरमध्ये नव्याने लागलेली कितीतरी पोरं या मर्यादेत बसतात. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतनाचा भत्ता मिळतो. ऐकायला चांगलं आहे. पण याच योजनेच्या नियमांनी आजारपणाचे पहिले दोन दिवस भत्त्यातून वगळून टाकले. सूट मिळते ती फक्त आधीच्या दुखण्यानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडणाऱ्याला. दर महिन्याला पगारातून वर्गणी द्यायची, आणि ज्या दोन दिवसांत घरी राहिल्याने शेजारच्या दहा जणांचं दुखणं टळेल, ते दोन दिवस मात्र आपल्या खिशातून भरायचे. पोरं भरत नाहीत. कामावर येतात. मी त्यांना दोष देणार नाही. खोलीभाडं आणि मेसचे पैसे देऊन त्यांच्या हातात जे उरतं, त्यात दोन दिवसांचा पगार ही मोठी रक्कम असते.

पगार २१,००० च्या वर गेला की ईएसआयचं छत्रही जातं. मग उरतो महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा. त्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, तिमाहीनुसार जमा होतात आणि वर्षअखेर उरलेल्या बुडतात. आजारपणाची म्हणून वेगळी रजा त्या कायद्यात नाहीच. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, पोराच्या शाळेची मीटिंग, गावाकडचा दहावा, सगळं या आठांत. अर्जित रजा असते, पण ती आमच्याकडे आधी मंजूर करून घ्यावी लागते. सर्दीला रजा उरतच नाही.

त्यातून कुणी धीर करून घरी राहिलंच, तर फोन येतो: मेडिकल सर्टिफिकेट आण. डोकं जड झालेलं, अंग मोडून आलेलं, अशा अवस्थेत रिक्षा करून दवाखान्यात जा, तिथल्या बाकावर गरोदर बाई आणि लहान मुलांशेजारी तासभर शिंकत बस, पैसे मोजून कागद घे. ज्याला फक्त झोप हवी होती त्याला कागदासाठी गावभर हिंडवायचं! आणि नुसता कागद दिला तर पेशंटला पैसे फुकट गेल्यासारखे वाटतात म्हणून कितीतरी डॉक्टर तीन गोळ्यांचं अॅझिथ्रोमायसिनचं पाकीटही लिहून देतात. ते जीवाणूंचं औषध आहे, सर्दीच्या विषाणूला ते काहीही करत नाही. चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असा नियम असूनही कोपऱ्यावरचा मेडिकलवाला ते काउंटरवरून सरकवतो. देशात प्रतिजैविकं निकामी होत चालली आहेत म्हणून परिषदा भरवणाऱ्यांनी एकदा हेही बघावं की त्यातल्या किती गोळ्या रजेच्या कागदापायी पोटात जातात.

'एक गोळी घे' मधल्या त्या गोळीबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडच्या सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन असतं. पॅरासिटामॉलने ताप आणि अंगदुखी उतरते, ते खरं औषध आहे. क्लोरफेनिरामिनने गुंगी येते. आणि नाक मोकळं करतं म्हणून घातलेलं फेनिलेफ्रिन? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितलं की नेहमीच्या मात्रेत तोंडावाटे घेतलेलं फेनिलेफ्रिन चोंदलेल्या नाकावर काम करत नाही. पुढच्या वर्षी त्या प्रशासनाने ते सर्दीच्या गोळ्यांतून काढून टाकण्याचा प्रस्तावही मांडला. आमच्याकडच्या जाहिरातीत मात्र अजून तोच शिंकणारा माणूस गोळी घेतो आणि पुढच्या क्षणी सूट घालून प्रेझेंटेशन देतो. या जाहिराती औषधापेक्षा हजेरी विकतात, आणि मालकांना त्या आवडतात यात नवल नाही. नाकात घालायचे थेंब कामाचे आहेत, पण ते चार-पाच दिवसांच्या पलीकडे ओढले की नाक उलट जास्तच चोंदतं. माझ्या शेजारच्या सीटवरची मुलगी महिनोन्महिने ते थेंब ड्रॉवरमध्ये ठेवून जगते आहे, कारण थेंबांवाचून तिचा आवाज निघत नाही आणि आवाजावाचून तिचा पगार निघत नाही.

आजीचे उपाय मला मान्य आहेत. गवती चहा, सुंठ, ओव्याची पुरचुंडी, हळद घातलेलं दूध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, यांनी बरं वाटतं. पण आजी काढा दिल्यावर काय करायची? पांघरूण घालून झोपवायची. दिवा मालवायची, पोरांना आरडाओरडा करू नका म्हणून दटावायची. उपायाचा मोठा भाग तो होता. आपण काढ्याची पावडर पाकिटात भरली, ऑफिसच्या वेंडिंग मशीनशेजारी ठेवली आणि झोपवणं तेवढं फेकून दिलं.

झोपेचं तर आमच्या धंद्यात विचारूच नका. २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६४ निरोगी स्वयंसेवकांची झोप आधी आठवडाभर यंत्राने मोजली, मग त्यांच्या नाकात रायनोव्हायरसचे थेंब टाकले. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघाली. अमेरिकेच्या दिवसासाठी पुण्यात रात्र जागणाऱ्या माणसाला सहा तास सलग झोप म्हणजे चैन. सकाळी कॅबने सोडलं की घरात भांडी वाजत असतात, गल्लीत भोंगा वाजतो, ऊन पडद्यातून आत येतं. सर्दी व्हावी अशी सोय आधी करून ठेवायची आणि मग ती झाली म्हणून आमच्याच हजेरीवर लाल खूण करायची, हा कुठला न्याय?

आणि हा आजार ज्या जागेत पसरतो ती जागा कुणी बांधली? खिडक्या न उघडणारी इमारत, शेकडो लोक खांद्याला खांदा लावून बसलेले, सतत बोलणारे, एसी पूर्ण, काचा वर केलेली कॅब. काही ठिकाणी हेडसेटसुद्धा शिफ्टगणिक हात बदलतो, त्याच्या माइकवरचा फोम आधीच्या माणसाच्या श्वासाने ओलसर असतो. मार्च २०२० मध्ये सोलच्या गुरो भागातल्या एका इमारतीत काय झालं ते छापून आलेलं आहे. अकराव्या मजल्यावरच्या कॉल सेंटरमध्ये २१६ माणसं काम करत होती, त्यातल्या ९४ जणांना कोविड झाला. बहुतेक सगळे मजल्याच्या एकाच बाजूला बसणारे. विषाणू वेगळा होता, पसरण्याची वाट तीच. कोविडच्या त्या दोन वर्षांत आम्हाला मास्क दिले, टेबलांमध्ये काचा लावल्या, साधा घसा खवखवला तरी 'येऊ नका' म्हणून मेल यायचे. काचा कधीच निघाल्या. आता घसा खवखवला तर 'ये' म्हणून फोन येतो. लाखो माणसं गमावून शिकलेला धडा इतक्या लवकर विसरणाऱ्यांची मला चीड येते.

हे वाचणाऱ्यांनीही फार ताठ बसू नये. घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना सर्दी झाली की बाळाजवळ येऊ नका म्हणतो आणि त्या आल्या नाहीत की खाडा धरून पैसे कापतो. पावसात भिजून, नाक पुसत जेवणाचं पार्सल आणणाऱ्या मुलाला पाच मिनिटं उशीर झाला तर एक तारा देतो. त्या दोघांना ना ईएसआय, ना आठ रजा.

मला हवं ते फार मोठं नाही. आजारपणाचे पहिले दोन दिवस पूर्ण पगारी, कागदाशिवाय, माणसाने फोन करून सांगितलं एवढ्यावर. ईएसआयच्या नियमांतली दोन दिवसांची अट रद्द करा. राज्याच्या कायद्यात आजारपणाची रजा नैमित्तिक रजेपासून वेगळी करा. अटेंडन्स बोनसचा आजारपणाशी संबंध तोडा. प्रत्येकाला स्वतःचा हेडसेट द्या. बसलेला आवाज घेऊन जो आलाच, त्याला कॉलवरून काढून चॅट किंवा ईमेलचं काम द्या. सुजलेल्या स्वरयंत्रावर जोर दिला तर आवाज कायमचा बिघडू शकतो, आणि आमच्यापैकी बहुतेकांकडे पोट भरायला दुसरं हत्यार नाही.

यावर ठरलेली दोन उत्तरं येतात. पहिलं, लोक गैरफायदा घेतील. घेतील काही जण. खोटं सर्टिफिकेट आणणारे आजही गैरफायदा घेतातच, तो तुमच्या अटीने थांबलेला नाही. अट अडवते ती खऱ्या आजारी माणसाला. दुसरं उत्तर, माणसं कमी पडतील, फोन कोण घेणार. हे उत्तर देणाऱ्याने आपल्याच वर्कफोर्स टीमला विचारावं. किती माणसं लागतील याचा हिशोब करताना रजा, आजारपण, ट्रेनिंग यांसाठी काही टक्के माणसं गैरहजर असणार असं धरूनच भरती होते. आमच्या भाषेत त्याला श्रिंकेज म्हणतात. आठवड्याच्या प्लॅनिंगच्या एक्सेल शीटमध्ये त्याचा स्वतंत्र रकाना असतो आणि क्लायंटशी दर ठरवताना ती टक्केवारी मोजलेली असते. आमची सर्दी त्या रकान्यात आधीच लिहिलेली आहे, तिचे पैसे तुम्हाला मिळालेले आहेत. मग आम्ही फोन करून 'आज नाही जमणार' म्हटल्यावर ओरडता कुणाच्या जिवावर?