चोर सोडून पिस्टनला फाशी

मंडळी, आज जरा चिडून लिहिते आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

आपल्याकडे बंद पडलेल्या यंत्राचं निदान करायची एक ठरलेली पद्धत आहे. मेकॅनिक झाकण उघडतो, आत डोकावतो, मान हलवतो आणि म्हणतो, "पिस्टन गेला." आपण विचारतो, "कशानं?" तो म्हणतो, "चायना माल, जाणारच." झालं निदान! नवा पिस्टन, नवा ब्लॉक, वर मजुरी. महिनाभरानं तो नवा पिस्टनही "जातो". याला दुरुस्ती म्हणायचं? खून झालेल्या घरातून प्रेत उचलून न्यायचं, आणि खुनी तिथेच माळ्यावर बसलेला!

तुम्ही म्हणाल, मराठी शिकवणाऱ्या निवृत्त बाईंना पिस्टनचं काय पडलंय? पडलंय बरं का. मी कित्येक वर्षं लुनावरून शाळेत गेले. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळायचं, प्लग काळा पडला की पुसायचा, हे त्या काळी लुना चालवणाऱ्या प्रत्येक बाईला येत होतं. लाकूड कापायच्या चेनसॉचं इंजिन त्याच जातीचं, टू-स्ट्रोक. वंगणाची वेगळी सोय त्यात नसते. पेट्रोलबरोबर जेवढं ऑइल आत जाईल तेवढंच. म्हणजे पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडतं आणि इंजिन तापतंही जास्त. एका दगडात दोन पक्षी, आणि दोन्ही आपलेच.

या विषयात मी पडले ती माहेरच्या वाडीमुळे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पडलेली झाडं कुऱ्हाडीनं कधी संपायची? तेव्हापासून आमच्याकडे घरोघरी चेनसॉ दिसू लागले. नामांकित कंपनीचं मशीन सगळ्यांना परवडत नाही. माझ्या भाच्यानं (भावाचा मुलगा) यंदा आणखी एक पायरी गाठली. एका जर्मन मशीनच्या नकलेचे सुटे भाग त्यानं गोळा केले. काही ऑनलाइन मागवले, काही मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरून आणले आणि घरीच मशीन जोडलं. मला त्याचं कौतुकच वाटलं. बसवलेला प्रत्येक स्क्रू त्याला नावानिशी ठाऊक होता.

तीन टाक्या पेट्रोल जळलं आणि इंजिन जाम. गावच्या मेकॅनिकनं नेहमीचा मंत्र म्हटला, पिस्टन बदलला. दोन टाक्यांत पुन्हा जाम. "आत्या, हा मालच भिकार आहे, भंगारात घालतो," असं म्हणत तो एपीएमसीला माल घेऊन आला तेव्हा मशीनही वाशीला घेऊन आला. मी म्हटलं, भंगारात जरूर घाल, पण आधी मेलेले दोन्ही पिस्टन मला दाखव.

आणि इथेच माझा मूळ मुद्दा आहे. मेलेला पिस्टन बोलतो. त्याचं ऐकायला कुणाला वेळ नाही एवढंच!

ओरखडे चहूबाजूंनी असतील तर आत ऑइल गेलेलंच नाही, कुणीतरी साधं पेट्रोल भरलं. कार्बोरेटरकडची बाजू निस्तेज, घासल्यासारखी असेल तर फिल्टरमधून धूळ गेली. एकच खोल चर असेल तर पिनेची क्लिप निसटली किंवा एखादा तुकडा आत फिरला. आणि सायलेन्सरकडच्या, म्हणजे सर्वांत गरम बाजूलाच उभे चकचकीत ओरखडे असतील, बाकी पिस्टन स्वच्छ असेल, तर इंजिन उपाशी धावलंय. हवा जास्त, पेट्रोल कमी.

भाच्याच्या दोन्ही पिस्टनवर ओरखडे एकाच बाजूला, सायलेन्सरकडे. प्लगही पांढुरका. दोन वेगळ्या दुकानांतून आणलेले दोन पिस्टन एकाच जागी मरतात, तेव्हा दोष पिस्टनचा कसा?

मग त्याला विचारलं, मशीन बंद पडण्याआधी कसं वागत होतं? (हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता!) तो म्हणाला, रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नव्हता. गरम झाल्यावर तर चेन आपोआप फिरायची. घ्या! पेशंट ओरडून सांगत होता. कार्बोरेटर त्याच्यातून जाणाऱ्या हवेच्या हिशेबानं पेट्रोल देतो. हवा दुसऱ्याच भोकातून आत शिरली तर तिचा हिशेब कोण ठेवणार? इंजिन उगाच वेगात फिरत राहतं आणि आतून भाजत जातं.

भोक शोधायची रीत साधी आहे. कामचलाऊ ब्लॉक-पिस्टन चढवायचा, सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढून त्यांची तोंडं रबरानं घट्ट बंद करायची, प्लग बसलेला ठेवायचा, आत थोडी हवा भरायची आणि ती टिकते का पाहायचं. दाब अगदी थोडा हवा, फार झाला तर चांगली सीलंही उचकटतील. आमच्या घरी रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र पडून होतं. त्याचा फुगा आणि काटा कामी आला. अडीचशेवर नेलेला काटा डोळ्यांदेखत खाली येऊ लागला. साबणाचं पाणी लावल्यावर फ्लायव्हीलच्या बाजूच्या ऑइल सीलपाशी बुडबुडे! सील काढलं, तर त्याची ओठासारखी कड आत दुमडलेली. बसवतानाच दुमडली असणार. चोर सापडला. या सगळ्या नाटकातला सर्वांत स्वस्त भाग!

आता कुणी म्हणेल, बाई नकली मालाची वकिली करतात. अजिबात नाही. नकली सिलिंडरच्या खिडक्यांच्या कडा कधी कधी धारदार राहतात आणि रिंग त्यात अडकते. क्लिपा कमजोर निघतात. म्हणूनच असं मशीन जोडताना कडा बोटानं चाचपायच्या, पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे आहे ना ते बघायचं आणि हवा भरून गळती तपासायची, ती पहिल्यांदा चालू करण्याआधी. पण "चायना" हा शिक्का मारला की तपास थांबतो, आणि तेवढ्यासाठीच तो मारला जातो, हे माझं म्हणणं आहे.

दुसरा शिक्का हल्ली पेट्रोलवर बसतो. इथेनॉलचं २० टक्के मिश्रण २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं, २०२५ मध्ये देशाची सरासरी तिथे पोचली. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं उपाशी होतं हे खरं. बऱ्याच चेनसॉच्या माहितीपुस्तकात १० टक्क्यांचीच मर्यादा दिलेली असते. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. कोकणातल्या दमट हवेत महिनाभर ठेवलेल्या डब्यात पाणी-इथेनॉल तळाशी बसू शकतं, ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, आणि टाकीतली नळी नेमकी तळातून ओढते. तेव्हा मिश्रण लागेल तेवढंच करा, उरलेलं ठेवू नका, कार्बोरेटरचा स्क्रू जरा सैल करून घ्या. हे सगळं मान्य. पण भाच्याच्या गावात तेच पेट्रोल पिऊन बाकीची मशीनं धडधाकट चालली होती. मग दोष एकट्या पेट्रोलचा कसा?

"एवढा वेळ कुणाला आहे? पिस्टन स्वस्त पडतो," हा शेवटचा युक्तिवाद. एकदाच बदलायचा असेल तर पडतो हो! इथे दोन पिस्टन गेले, ऐन हंगामातले दिवस गेले. आणि पैशांचं सोडा. रेस सोडल्यावरही ज्याची चेन फिरते ते मशीन हातात धरून माणूस पडलेल्या माडावर उभा असतो. ते मशीन त्याला धोक्याची सूचना देत असतं. ती न ऐकता नवा पिस्टन घालून तेच मशीन त्याच्या हातात परत देणं, याला मी आळस म्हणणार नाही. बेजबाबदारपणा म्हणेन.

वह्या तपासण्यात माझा जन्म गेला. उत्तरावर लाल फुली मारणं सोपं असतं. मुलगा नेमका कुठल्या पायरीवर घसरला ते शोधायला वेळ लागतो. पण ते शोधलं नाही तर तो पुढच्या परीक्षेत त्याच जागी घसरतो, आणि आपण "ढ आहे" म्हणून मोकळे होतो. "चायना माल आहे" हे त्याचंच भावंड.

असो. भाच्याच्या मशीनला नवं सील बसलं. काटा जागचा हलेना, तेव्हाच त्यानं तिसरा पिस्टन उघडला.

तुम्हाला एकच विनंती. मशीन चेनसॉ असो, गवत कापायचं असो की फवारणीचा पंप, मेकॅनिकनं "पिस्टन गेला" म्हटलं की जुना पिस्टन मागून घ्या, उजेडात धरा आणि विचारा, "कुठल्या बाजूनं गेला?" उत्तर आलं नाही, तर पाकीट उघडू नका.