राजा लंडनला, आपण मेलबर्नला

मंडळी, गेल्या गणेशोत्सवात आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत एक वाद झाला. आपल्या मंडळात वाद होणं ही काही बातमी नव्हे. पण विषय मात्र नेहमीचा नव्हता. इथेच जन्मलेल्या, बारावीला लीगल स्टडीज घेतलेल्या एका मुलाने आम्हा पाच-सहा काका लोकांना सरळ विचारलं, "काका, ऑस्ट्रेलिया रिपब्लिक व्हायला पाहिजे की नको? तुम्ही कोणत्या बाजूचे?"

उत्तरं तीन प्रकारची आली. एक म्हणाले, "आपल्याला काय करायचंय? त्यांचा देश, त्यांचा राजा." दुसरे म्हणाले, "चाललंय ना सगळं सुरळीत? मग कशाला हात लावायचा?" आणि तिसऱ्यांनी तर छातीवर हात ठेवून सांगितलं, "अरे, आपण छत्रपतींची माणसं. राजाच्या विरोधात आपण बोलायचं?"

मी शिऱ्याच्या द्रोणात मान घालून गप्प उभा होतो. मला मत नव्हतं असं नाही. पण ते सांगायचं तर आधी एक कबुली द्यावी लागली असती. ती रांगेत जमली नाही, म्हणून इथे देतो.

६ नोव्हेंबर १९९९ ला या प्रश्नावर सार्वमत झालं. आम्हाला नागरिकत्व मिळून दोनच वर्षं झाली होती. ऑफिसातल्या एका भल्या गोऱ्या सहकाऱ्याने सल्ला दिला होता, "समजत नसेल तर 'नो' म्हण, म्हणजे काही बिघडणार नाही." मी शाळेतल्या मतदान केंद्रावर गेलो, 'नो' लिहिलं, बाहेर येऊन ब्रेडमध्ये गुंडाळलेलं सॉसेज खाल्लं आणि घरी आलो. साधारण ५५ टक्के लोकांनी तेच केलं. सहाच्या सहा राज्यांत प्रस्ताव पडला. त्यातही आपल्या व्हिक्टोरियात तो अगदी काठावर पडला, 'येस' ४९.८ टक्के! म्हणजे माझ्यासारखे थोडे कमी असते तर निदान हे राज्य तरी दुसऱ्या बाजूला गेलं असतं.

माझी चूक मत कुठल्या बाजूला दिलं ही नव्हती. समजून न घेता दिलं ही होती. आणि तेव्हा समजून घेतलं असतं तर मी 'येस' लिहिलं असतं, याची आज मला खात्री आहे. का, ते सांगतो.

तुम्हाला आपला नागरिकत्वाचा समारंभ आठवतो? कौन्सिलचा हॉल, साडीतल्या बायका, टायमधले आपण, हातात देशी झाडाचं रोप आणि भिंतीवर राणीचा फोटो. तिथे आपण जी शपथ घेतली तिच्यात राणीचं नाव होतं का? नव्हतं. १९९४ पासून नव्या नागरिकाची निष्ठा ऑस्ट्रेलियाला आणि इथल्या जनतेला असते; राजाचं किंवा राणीचं नाव त्यातून काढून टाकलं आहे. पण आपण ज्यांना निवडून देतो त्या खासदारांचं काय? ते संसदेत पाऊल टाकण्याआधी आजही राजाला, त्याच्या वारसांना आणि पुढच्या गादीवाल्यांना निष्ठा वाहतात. तसं राज्यघटनेतच लिहिलं आहे. म्हणजे नाशिकहून आलेल्या माणसाने जनतेशी इमान राखायचं आणि त्या जनतेच्या प्रतिनिधीने लंडनमधल्या एका घराण्याशी! "त्यांचा देश, त्यांचा राजा" म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: शपथ घेतली तेव्हा 'त्यांचा देश' म्हणून घेतली होतीत का?

आता याहून मोठी गंमत ऐका. घटनेच्या ४४व्या कलमानुसार परकीय सत्तेचं नागरिकत्व असलेल्या माणसाला इथे खासदार होता येत नाही. २०१७ मध्ये या कलमाने धुमाकूळ घातला. वडील न्यूझीलंडमध्ये जन्मले म्हणून आपणही तिथले नागरिक ठरतो, हे उपपंतप्रधान बार्नबी जॉइस यांना ठाऊकच नव्हतं. ऑक्टोबरमध्ये हायकोर्टाने त्यांचं पद घालवलं. ब्रिटनचं काय? १९९९ मध्येच, सार्वमताच्या काही महिने आधी, याच कोर्टाने सांगितलं होतं की या कलमापुरतं ब्रिटन ही परकीय सत्ताच आहे. क्वीन्सलंडमधून सिनेटवर निवडून आलेल्या बाईंची जागा त्यामुळे गेली. म्हणजे ब्रिटिश पासपोर्ट असलेला माणूस कॅनबेरात साध्या मागच्या बाकावर बसू शकत नाही, पण सगळ्यांच्या वरची खुर्ची मात्र ब्रिटनच्याच राजाची! हे कोणी आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीच्या उपविधीत लिहिलं असतं तर पहिल्याच सभेत हाणून पाडलं असतं.

आणि ती खुर्ची कोणासाठी आहे तेही पाहा. राजा प्रोटेस्टंट असला पाहिजे आणि चर्च ऑफ इंग्लंडशी जोडलेला असला पाहिजे, हा १७०१ सालचा कायदा. २०१५ पासून तो थोडा सुधारला: मुलीच्या आधी मुलगा हा नियम गेला, कॅथलिक व्यक्तीशी लग्न केलं तरी हक्क जात नाही. पण स्वतः कॅथलिक असलेला माणूस आजही गादीवर बसू शकत नाही. हिंदू, मुसलमान, ज्यू, बौद्ध यांची तर गोष्टच सोडा. खुद्द ब्रिटनमध्ये ऋषी सुनक पंतप्रधान झाले, पण राजपदाची अट तशीच राहिली. आपण आपल्या मुलांना सांगतो की या देशात मेहनत केलीस तर काहीही होशील. एक गोष्ट होता येणार नाही, हे सांगायचं आपण सोयीस्करपणे टाळतो. तिकडे जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती भवनात राहून आल्या आणि आज तिथे ओडिशातल्या संथाळ कुटुंबातल्या द्रौपदी मुर्मू आहेत.

आता "चाललंय ना सुरळीत?" वाल्यांकडे वळतो. हा मुद्दा हलका नाही. हा देश खरोखरच चांगला चालतो, नाहीतर आपण इथे आलो नसतो. पण ११ नोव्हेंबर १९७५ ला तो कसा चालला होता? सिनेटने सरकारचा पैसा अडवून धरला होता. गव्हर्नर जनरल सर जॉन कर यांनी गॉफ व्हिटलम यांचं निवडून आलेलं सरकार सरळ बडतर्फ केलं आणि विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर यांना त्या जागी बसवलं. कर आणि राजवाडा यांच्यातली पत्रं पुढे 'खाजगी पत्रव्यवहार' म्हणून कुलपात राहिली. इतिहासकार जेनी हॉकिंग हायकोर्टापर्यंत भांडल्या तेव्हा कुठे जुलै २०२० मध्ये ती लोकांसमोर आली. कर यांनी राणीला आधी कळवलं नव्हतं, हे त्या पत्रांतून दिसलं, आणि तेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण आपलंच सरकार कसं गेलं हे वाचायला या देशाच्या नागरिकांना ४५ वर्षं थांबावं लागलं, हे कसलं 'सुरळीत'?

कोणी लगेच म्हणेल, "आणि तुमच्या भारतात १९७५ ला काय झालं?" बरोबर आहे. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या कागदावर सही केली. प्रजासत्ताक म्हणजे काही जादूची कांडी नव्हे. राष्ट्रपतीही शिक्का होऊ शकतो. पण पुढे काय झालं ते पाहा. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ठरलं की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येणार नाही. भोक दिसलं, बुजवलं. इथे १९७७ च्या सार्वमताने सिनेटच्या रिकाम्या जागा कशा भरायच्या एवढं दुरुस्त झालं. बडतर्फीचा अधिकार होता तिथेच आहे, कारण तो राजाच्या नावाने आहे आणि राजाच्या कपाटाला हात लावायचा कोणालाच धीर होत नाही. २०२२ मध्ये कळलं की स्कॉट मॉरिसन यांनी पाच जादा खात्यांचे अधिकार गुपचूप स्वतःकडे घेतले होते आणि गव्हर्नर जनरलांनी कागदांवर सह्या केल्या होत्या. १९७५ ला अंपायरने नको तिथे बोट वर केलं; पुढे बोलायची वेळ आली तेव्हा अंपायर गप्प. अंपायर आपण निवडलेला नाही, त्यामुळे जाब कोणाला विचारायचा हेही ठाऊक नाही.

राहिला छत्रपतींचा मुद्दा. हा माझ्याही काळजाजवळचा आहे, त्यामुळे जपून बोलतो. शिवाजी महाराजांनी १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक करून घेतला तो राज्य स्वतः उभं केल्यावर. ते वारशाने आयतं मिळालेलं नव्हतं. त्यांचं नाव घेऊन वंशपरंपरेचं समर्थन करायचं म्हणजे त्यांच्याच कर्तृत्वाला उणेपणा आणायचा. पुढे आपण ज्या दोन संस्थानिकांची नावं अभिमानाने घेतो ते पाहा. १९०२ मध्ये मागास समाजांसाठी ५० टक्के जागा राखणारे कोल्हापूरचे शाहू महाराज हे कागलच्या घाटग्यांच्या घरातून दत्तक आलेले. आंबेडकरांना अमेरिकेतल्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे बडोद्याचे सयाजीराव हे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातून दत्तक आलेले. म्हणजे आपले सगळ्यात चांगले राजे गादीवर जन्मले नव्हते, ते निवडून आणलेले होते! मुठभर लोकांनी निवडलेले का होईना.

आणि साताऱ्याकडचं औंध विसरू नका. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने नवी घटना आणून आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. कोणी बंड केलं नव्हतं, कोणी राजवाडा जाळला नव्हता. माझे आजोबा त्या भागातले. "राजानं दिलं, पण घ्यायला आम्ही लायक होतो म्हणून दिलं," असं ते म्हणायचे. इथे तर राजा अडवतच नाही. "ऑस्ट्रेलियाने ठरवायचं," हेच राजवाड्याचं म्हणणं आहे. देणारा तयार, घेणाराच लाजतोय.

राष्ट्रकुलातून बाहेर पडावं लागेल, ही भीतीही अजून ऐकू येते. भारत १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला तरी २६ जानेवारी १९५० पर्यंत कागदोपत्री सहावा जॉर्जच आपला राजा होता, हे आपल्यातल्या कितीजणांना आठवतं? प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहता येतं, हे १९४९ मध्ये लंडनला ठरलं ते भारतासाठीच. आज ५६ देशांपैकी ३६ प्रजासत्ताक आहेत. बार्बाडोसने २०२१ मध्ये राणीला निरोप दिला आणि तोही तिथेच आहे. राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा जातील म्हणावं, तर २०२६ च्या स्पर्धा खर्च परवडत नाही म्हणून आपल्या व्हिक्टोरिया सरकारनेच सोडून दिल्या. त्यात राजाचा काय दोष?

हे सोपं नाही, हेही खरं. घटना बदलायला देशभरात बहुमत आणि शिवाय सहापैकी चार राज्यांत बहुमत लागतं. आजवरच्या ४५ प्रस्तावांपैकी फक्त ८ पार पडले. १९९९ ला प्रजासत्ताकवाल्यांतच फूट पडली. राष्ट्राध्यक्ष संसदेने दोन-तृतीयांश मतांनी नेमायचा की लोकांनी थेट निवडायचा, यावर भांडण झालं आणि थेट निवडणूकवाल्यांतले बरेचजण राजेशाहीवाल्यांच्या बरोबरीने 'नो' म्हणाले. २०२३ चं 'व्हॉइस'चं सार्वमत पडल्यावर सरकारनेही अंग काढून घेतलं. २०२२ मध्ये नेमलेलं प्रजासत्ताकाचं सहायक मंत्रिपद २०२४ मध्ये रद्दच झालं. माझं स्वतःचं मत संसदेने नेमावा असं आहे. थेट निवडणूक म्हटली की पैसा आला, पोस्टर आली आणि पंतप्रधानाशी बरोबरी करणारा दुसरा पुढारी आला. पण आमच्या घरातच यावर एकमत नाही. सौ. थेट निवडणुकीच्या बाजूची आहे आणि मंडळात तिच्या बाजूची माणसं जास्त निघतील, असा मला दाट संशय आहे.

तो काढायचा सोपा उपाय आहे. २६ जानेवारीला आपण एकाच हॉलमध्ये, त्याच सामोशांवर, दोन दिवस साजरे करतो. १७८८ मध्ये याच तारखेला सिडनीच्या किनाऱ्यावर राजाचा झेंडा रोवला गेला. इथल्या मूळच्या लोकांसाठी तो दुखवट्याचा दिवस आहे, हेही लक्षात असू द्या. आणि १९५० मध्ये याच तारखेला भारताने राजाला निरोप दिला. यंदा देशभक्तिपर गीतांची अर्धी वेळ कापून या विषयावर वाद ठेवावा, अशी कार्यकारिणीला माझी जाहीर विनंती आहे. सूत्रसंचालन त्या बारावीच्या मुलाकडे द्या. 'नो'च्या बाजूने बोलायला प्रसादाच्या रांगेतले तिघे आहेतच. 'येस'च्या बाजूने पहिलं नाव माझं लिहून घ्या.