शिक्क्यांची भक्ती

रविवारच्या मिस्सेला आलेल्या मुलांच्या कार्डावर शिक्का मारायचा आणि वर्षाअखेर सर्वाधिक शिक्के जमवणाऱ्याला सायकल द्यायची, अशी प्रथा काही धर्मग्रामांत रुजली आहे. तिला आमचा विरोध आहे. ‘फादर, बक्षीस बंद केले तर मुले येणार नाहीत,’ असे तिचे समर्थक आम्हांला ऐकवतात. आमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा तेच पुरवीत असतात!

बक्षिसाने वर्तन घडते, हे आम्ही नाकारीत नाही. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने भुकेली मांजरे पेटीत कोंडून आपले प्रयोग प्रसिद्ध केले. बाहेर खाद्य असे; आतला खटका हलला की दार उघडे. प्रथम मांजर ओरबाडी, धडपडे आणि योगायोगाने सुटे. पुढेपुढे निरर्थक धडपड गळून पडली आणि खटका तेवढा उरला. मांजर निश्चितच शिकले. मात्र पेटीची गोडी त्याला लागली, असे कोणी म्हणणार नाही.

याहून बोलका प्रयोग लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली बालवाडीतील मुले त्यांनी निवडली. काहींना चित्रांबद्दल प्रशस्तिपत्रक देण्याचे आधीच कबूल केले. काहींना ते अकस्मात दिले. काहींना काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी बक्षिसाची बात नसताना पाहिले, तर आधी आमिष दाखवलेली मुले इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रांत रमली. अकस्मात बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. म्हणजे घात बक्षिसाने नव्हे, सौद्याने केला. आणि तो कोणाचा? जो आपण होऊन येत होता, त्याचाच. अनिच्छेने येणारा मुलगा सायकलीसाठी दारापर्यंत येईलही. पण त्याच्यापायी आजीचे बोट धरून आनंदाने येणाऱ्या नातवाला आपण हिशेबनीस करून ठेवतो.

शिक्षेची कथा तर अधिकच खेदाची. शाळेत मुलाला मारण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली; घरातील पट्टा मात्र खुंटीवरच आहे. शिक्षा बक्षिसाइतकी परिणामकारक नसते, असे पुढे खुद्द थॉर्नडाइकलाच म्हणावे लागले. मार खाणारा मुलगा शिकतो ते मारणारा केव्हा पाहत नाही हे. प्रगतिपुस्तकावर बापाची सही स्वतःच ठोकणारे चिरंजीव बहुधा कडक शिस्तीच्या घरातलेच निघतात.

‘मग ख्रिस्तसभा स्वर्ग-नरक का सांगते?’ असा प्रश्न आम्हांला हमखास विचारला जातो. रास्त आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ साली नरकाच्या भयातून उपजलेला पश्चात्तापही देवाची देणगी मानला. परंतु त्याला अपूर्ण म्हटले. देवावरील प्रीतीतून उपजतो तो पूर्ण. भय हा उंबरठा आहे. आमची तक्रार मुलांना वर्षानुवर्षे उंबरठ्यावरच बसवून ठेवण्याबद्दल आहे.

द्यायचेच असेल तर न सांगता द्यावे आणि सर्वांना द्यावे. एखादी सहल, चार पुस्तके. आईवडिलांनी मुलांना चर्चच्या दारात सोडून बाहेर गप्पा मारीत न थांबता त्यांच्याशेजारी बसावे, याला तर पैसाही लागत नाही. आणि यंदा सायकलीची वर्गणी मागायला मंडळी आली, तर त्यांना एवढेच विचारावे: पूर्वी सायकल जिंकलेली मुले दृढीकरणानंतर किती रविवार दिसली? नावे त्यांच्याच वहीत आहेत.